पांढरी वायर, लाल वायर

३ नोव्हेंबर

ताई,

साष्टांग नमस्कार लिहायची पद्धत आहे, पण माझे गुडघे तुला माहीत आहेत. तेव्हा उभ्यानेच नमस्कार. तू माझा फोन घेत नाहीस म्हणून पत्र लिहितेय. फाडून टाकायचं म्हटलं तरी पत्र आधी हातात घ्यावं लागतं.

कामाचं आधी सांगते. मालक म्हणतात, लाँड्रीची जागा ठेवणार की सोडणार ते वर्ष संपायच्या आत कळवा. सोडली तर राहायला आणि कामाला मागच्या गल्लीत एक खोली बघून ठेवलीय. तिच्यात पलंग मावतो, इस्त्रीचं एक टेबल मावतं, दुसरं मावत नाही. कोपऱ्यावरच्या शिंप्याने तुझं टेबल मागितलंय. परवा येऊन हाताने चाचपून गेला, जसं काही नवरीच बघायला आला होता. मी म्हटलं, "टेबल माझ्या बहिणीचं आहे. तिला विचारल्याशिवाय त्याचा खिळासुद्धा मिळायचा नाही." तर तू मुलाकडून परत येणार आहेस का? येणार असशील तर जागा ठेवते. नसशील तर टेबल देऊन टाकते आणि खोलीत जाते. एका ओळीचं उत्तर पुरे. तुझ्या अक्षराची मला हौस नाही.

कामाचं संपलं. आता बाकीचं.

मी डीव्हीडी प्लेयर घेतला. हसू नकोस. सिनेमा बघायला नाही, टीव्ही आहेच कुठे माझ्याकडे? गाणी ऐकायला घेतला. दुकानातल्या आपल्या म्युझिक सिस्टीमचं सीडीचं तोंड कधीच मिटलंय, पण तिचे दोन्ही स्पीकर ठणठणीत आहेत. नवा सीडी प्लेयर घ्यायचा तर तो आता फक्त शौकीन लोकांच्या दुकानात मिळतो आणि तिथे माझ्यासारखीला दारावरचा माणूस आत सोडायच्या आधी चपला बघतो. म्हणून जुन्या वस्तूवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "मावशी, सीडी प्लेयर विसरा. डीव्हीडी प्लेयर न्या. आता कुणी विचारत नाही त्याला, माझ्याकडे ढीग पडलाय. त्यात सीडी मस्त वाजते." मी म्हटलं, टीव्हीशिवाय कसं चालायचं? तर म्हणे गाण्याला टीव्ही कशाला? वायरीला तीन शेपट्या असतात, पिवळी, पांढरी आणि लाल. पिवळी चित्राची, ती लोंबकळत सोडायची. पांढरी आणि लाल आवाजाची, त्या सिस्टीमच्या पाठीमागे खोचायच्या. झालं.

रिमोट नाही मिळाला. आधीच्या मालकाने हरवला. प्लेयरच्या तोंडावर एक बटण उघडायचं, एक वाजवायचं-थांबवायचं. पुढचं गाणं, मागचं गाणं असले लाड नाहीत. आठवं गाणं ऐकायचं असेल तर आधीची सात ऐकून घ्यायची. छोट्याशा खिडकीत हिरवा आकडा दिसतो, त्यावरून कळतं आपण कितव्यावर आहोत. पहिल्या दिवशी मी तबकडी उलटी घातली आणि तो बिचारा घरघर करत शोधत बसला. मी त्याला वाट्टेल ते बोलले. मग कळलं की छापलेली बाजू वर ठेवायची असते.

दुकानात आता फार शांत असतं. एका दवाखान्याचे पांढरे कोट येतात आणि दोन-चार घरचे कपडे. दिवसभरात वाफेचा फुस्स आणि माझं खोकणं, एवढाच आवाज. म्हणून घेतला प्लेयर. दुसरं काही कारण नाही.

टेबलाचं कळव.

तुझी,
धाकटी


१० नोव्हेंबर

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. नसेल यायचं. पण आज मी त्यासाठी लिहीत नाहीये. आज मी तुझ्यावर इतकी चिडलेय की दवाखान्याच्या कोटाची बाही जाळली मी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

शिंप्याला माप हवं होतं म्हणून तुझ्या टेबलाचा ड्रॉवर रिकामा करत होते. बटणं, तुझा जुना चष्मा, स्टार्चची पुडी, आणि तळाशी ती सीडी. आपली. शूटिंगवाल्याने लाँड्रीत येऊन भरली होती ती. आठवतंय ना? की तेही विसरलीस? आपण समोरासमोरच्या टेबलांवर इस्त्री करताना आईची गाणी म्हणायचो. आईने तिच्या टेबलावर जुळवलेली गाणी. तू विचारायचीस आणि मी उत्तर द्यायचे. गिऱ्हाइकं कपडे घेऊन झाले तरी जायची नाहीत, दारात उभी राहायची. त्यातलाच एक तो शूटिंगवाला, लग्नाचे व्हिडिओ काढणारा. म्हणाला, हे रेकॉर्ड करूया. तुझ्या टेबलावर एक माइक लावला, माझ्या टेबलावर एक, आणि म्हणाला, नेहमीसारखी इस्त्री करा.

माझ्या प्रती मी गिऱ्हाइकांना वाटून टाकल्या होत्या. तू गेल्यावर मी आपली सीडी एकदाही ऐकली नव्हती. मन व्हायचं नाही. आज म्हटलं, दुकानात प्लेयर आलाय, बघू तरी. लावली. आणि ताई, तुझ्या प्रतीमध्ये मी नाहीच!

तू विचारतेस, "घडी कुणी मोडली गं, घडी कुणी मोडली?" आणि मग काही नाही. रिकामं. इस्त्री टेकवल्याचा ठक्क आवाज तेवढा. मग पुन्हा तूच. "वारा कुठून आला गं, दार होतं लावलं?" पुन्हा रिकामं. मी आहे, पण शेजारच्या घरात कुणी गुणगुणावं तशी. सगळीच्या सगळी सीडी अशी. तुझे प्रश्न आणि मध्ये मोकळी जागा. मी उभी राहून ऐकत होते आणि माझी उत्तरं माझ्या तोंडात येत होती, तर तू जणू काही ऐकलंच नाही अशी पुढच्या प्रश्नाला जात होतीस.

म्हणजे मला काढून टाकलेली वेगळी सीडी तू शूटिंगवाल्याकडून करून घेतलीस? आणि वर ती मुलाकडे ऐकून परत आलीस त्या दिवशी दारातच माझ्यावर ओरडलीस की "तू मला काढून टाकलंस, सगळीकडे तूच तू आहेस"? अगं, चोर तो चोर आणि वर...जाऊ दे. जिभेला लगाम घालते. तू मोठी आहेस.

पण मला फार लागलं, ताई. खरं सांगते. मी बाकड्यावर बसून रडले आणि तेवढ्यात दवाखान्याचा माणूस कोट न्यायला आला. त्याला म्हटलं, वाफेने डोळे चुरचुरतात.

शिंपी उद्या येतो म्हणालाय. येऊ दे त्याला.

धाकटी


१३ नोव्हेंबर

ताई,

आधीचं पत्र उघडलं नसशील तर उघडू नकोस. उघडलं असशील तर त्यातला राग वजा करून वाच. काहीतरी भलतंच निघालंय.

शिंपी आला नाही. त्याच्या घरी पाहुणे आले, त्याचं नशीब आणि माझंही. त्या वेळात मी प्लेयरची पाठ पुसायला घेतली आणि वायर बघितली. लाल शेपटीचं टोक तुटलेलं आहे. मुळापासून. जुन्या वस्तूवाल्याने ती तशीच गळ्यात मारली आणि मीही बघितलं नाही. त्याला जाऊन विचारलं तर तोंड वर करून म्हणतो, "मावशी, एका वायरीवर पण वाजतं. गाणं ऐकायला एक बाजू पुरे." मी म्हटलं, तुझ्या अर्ध्या मिशा काढू का, चेहऱ्याला एक बाजू पुरे! नवी वायर घेऊनच उठले तिथून.

पण नवी लावायच्या आधी मला काय बुद्धी झाली कुणास ठाऊक. मी पांढरी शेपटी पांढऱ्या भोकातून काढली आणि प्लेयरच्या लाल भोकात घातली. आणि सीडी लावली.

मी होते, ताई. फक्त मी. "वाऱ्यानं मोडली गं, वाऱ्यानं मोडली." आणि तू नाहीस. कुणी काही विचारलेलंच नाही आणि मी आपली उत्तरं देत सुटलेय, वेड लागल्यासारखी. "दार तूच उघडलंस गं, तूच त्याला बोलावलं." कुणाला म्हणतेय ते कळायला मार्ग नाही.

तशीच शूटिंगवाल्याकडे गेले, अॅप्रनसकट. त्याचा आता फोटोचा मोठा स्टुडिओ आहे, पोट त्याहून मोठं आहे. आधी आठवेना त्याला. मग कपाळावर हात मारून म्हणाला, "मावशी, मी तेव्हा अगदी नवा होतो. तुमच्या टेबलावरचा माइक उजवीकडे गेला आणि ताईंच्या टेबलावरचा डावीकडे. नंतर दोन्ही आवाज मधोमध आणायचे असतात, ते मला कुठे माहीत होतं? तसंच छापलं." म्हणजे सगळ्या सीड्या तशाच. तुझी वेगळी नव्हतीच. दोन्ही वायरी नीट असल्या की दोघी ऐकू येतात. मी तेव्हा दुकानातल्या सिस्टीमवर दोन्ही स्पीकर लावून ऐकली होती म्हणून मला दोघी ऐकू आल्या. एक वायर निसटली की एक बहीण गेली.

आता मला सांग, मुलाकडे तू ती कशावर ऐकलीस? त्याच्या कुठल्या वायरीचं टोक तुटलेलं होतं? कारण तुला फक्त मी ऐकू आले, हो ना? माझ्या एकटीची उत्तरं. म्हणून तू तशी तणतणत आलीस. जे तुला तेव्हा वाटलं तेच मला रविवारी वाटलं, जसंच्या तसं. मी तर कोटाची बाही जाळली. तू निदान काही जाळलं नाहीस.

ताई, एका वायरीपायी आपण इतकी वर्षं तोंड फिरवून बसलोय, असं असेल तर मी त्या वायरीला चुलीत घालीन. आधी कळव.

तुझी,
धाकटी


२४ नोव्हेंबर

ताई,

तू कळवलं नाहीस म्हणून तुझ्या मुलाला फोन केला. माझ्या भाच्याला मावशीचा फोन घ्यायला आईची परवानगी लागत नाही, हे त्याचं त्यानेच सांगितलं. माझी पत्रं तू वाचतेस एवढं कळलं. वाचून उशाशी ठेवतेस तेही कळलं. आता त्याच्यावर चिडू नकोस.

मी त्याला विचारलं, ती सीडी आईने कशावर ऐकली होती? त्याला लख्ख आठवत होतं. बाळ झोपलं होतं म्हणून त्याने तुला कॉम्प्युटरला इअरफोन लावून दिले होते. मी म्हटलं, इअरफोनची एक बाजू बिघडली असणार. तो म्हणाला, नाही मावशी, नवे कोरे होते, मी आजही तेच वापरतो.

माझं सगळं मुसळ केरात गेलं. म्हटलं, संपलं, म्हणजे ताईला दोघी ऐकू आल्या होत्या आणि तरी ती तसं बोलली. मग तिला जायचंच होतं आणि सीडीचं निमित्त झालं. इतकी वर्षं मी तेच समजत आले होते.

फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "मावशी, आईशी बोलायचं असेल तर मी तिच्या उजव्या कानाला फोन धरतो. डाव्याने तिला काही ऐकू येत नाही." मी म्हटलं, कधीपासून? तो म्हणाला, "डॉक्टर म्हणाले, फार जुनं आहे. लाँड्रीत असतानाच गेला असणार, हळूहळू. तिने कुणाला सांगितलंच नाही. आम्हालाही गेल्या वर्षी कळलं."

डावा कान, ताई. आणि तू डावीकडे होतीस.

इअरफोनची डावी बाजू तुझ्या डाव्या कानात, तिच्यात तुझा आवाज. तो तुला ऐकू येणार कसा? उजवीत मी. म्हणून फक्त मी.

मग एकेक आठवायला लागलं आणि मी पायरीवरच बसले. शेवटच्या वर्षी तू टेबलाशी तिरकी उभी राहायला लागली होतीस. मी समजायचे, हिची पाठ धरलीय. तू उजवा कान माझ्याकडे करत होतीस. माझी ओळ कुठे संपते ते कळायला. दाराशी, तुझ्या डावीकडे, गिऱ्हाईक "ताई, ताई" करत उभं राहायचं आणि तू मान वर करायची नाहीस. सगळे म्हणायचे, थोरलीला आता शिंगं फुटलीत. मीही त्यांच्यात हसले असेन. आणि त्या दिवशी दारात तू ओरडलीस तेव्हा मी काय म्हणाले? "जा, आधी कान तपासून घे!"

भांडणात माणूस बोलून जातो तसं बोलले होते. कुणीही कुणाला म्हणतं. पण तुझा चेहरा एकदम उतरला आणि तू काही न बोलता सीडी ड्रॉवरमध्ये टाकलीस आणि बॅग भरलीस. तेव्हा मला वाटलं, निरुत्तर झाली. आता कळतंय की मला माहीत आहे असं तुला वाटलं. मला माहीत आहे आणि मी त्यावरून टोमणा मारतेय.

मला माहीत नव्हतं गं. आईशप्पथ माहीत नव्हतं. आणि ते शब्द मी परत घेणार नाही, कारण तपासायलाच हवा होता तो कान! वेळेवर तपासला असतास तर वाचला असता कदाचित. मला का नाही सांगितलंस? समोरच्या टेबलावर उभी होते मी. हाताच्या अंतरावर.

राग येतोय, वाईटही वाटतंय. दोन्ही लिहून ठेवते, तुला हवं ते वाच.

तुझी,
धाकटी


१ डिसेंबर

ताई,

हे पत्र कामाचं आहे. नीट वाच आणि सांगते तसं कर. ऐकायचं नाही म्हणशील तर म्हण, पण आधी करून बघ.

सोबत सीडी पाठवतेय. नवी प्रत आहे, शूटिंगवाल्याने करून दिली, तशीच, डावं-उजवं तसंच ठेवून. मी मुद्दाम सांगितलं की आता सुधारू नकोस. मुलाला कॉम्प्युटरवर लावायला सांग आणि तेच इअरफोन घे. एकदा नेहमीसारखे लाव. मी ऐकू येईन, तेव्हा आली होते तशी. मग काढ आणि उलटे लाव. डाव्या कानाचा उजव्यात घाल. दांडी कानामागे नीट बसणार नाही, टोचेल जरा, सहन कर.

मग तू ऐकू येशील. पहिल्या गाण्यापासून शेवटापर्यंत सगळीकडे तूच आहेस, ताई. कुणी कुठे काढलेली नाही. माझ्यापेक्षा तुझा आवाज मोठाच आहे, खरं तर, कारण तुझ्या टेबलावरचा माइक नवा होता. मी तेव्हाही कुरकुरले होते त्यावरून.

फक्त एक आहे. इअरफोनने तुला एका वेळी एकच बहीण ऐकू येईल. दोघी एकत्र यायच्या नाहीत, कसेही फिरवून घातलेस तरी. मी खूप डोकं लढवलं. एका कानाला दोघी ऐकू यायच्या तर आवाज आधी हवेत मिसळायला हवा. खोली हवी. दोन स्पीकर हवेत. ते इथे आहेत.

नवी वायर लावलीय. पांढरी पांढऱ्यात, लाल लालात. पिवळी लोंबकळतेय, आलेल्या पाहुण्यासारखी, काही काम नाही तिला. डावा स्पीकर मी तुझ्या टेबलावर ठेवलाय आणि उजवा माझ्या. मधल्या जागेत बाकडं. काल दुपारी तिथे बसून ऐकली. तुझ्या टेबलावरून तू विचारतेस आणि माझ्या टेबलावरून मी उत्तर देते आणि मी मध्ये बसून दोघींकडे बघते. बघायला तिथे कुणी नसतं, फक्त दोन खोकी. गाणं संपलं की हिरवा आकडा बदलतो आणि तेवढा वेळ दुकान इतकं गप्प होतं की मला उठून काहीतरी आदळावंसं वाटतं.

शिंपी परत आला होता. टेबलावर स्पीकर बघून म्हणाला, हे काय आता? मी म्हटलं, बहिणीचं सामान आहे, हलवू नका. तो म्हणाला, मग नक्की सांगा, नाहीतर मी दुसरीकडे बघतो. म्हटलं, सांगते.

काय सांगू त्याला?

तुझी,
धाकटी


१५ डिसेंबर

ताई,

सीडी पोचली असणार. भाच्याला विचारायचा मोह होतो, पण विचारत नाही. सारखी त्याच्यामागे लागले तर तोही फोन घ्यायचा नाही.

इकडे थंडी आहे. सकाळी इस्त्री तापली की मी आधी हात शेकून घेते, तुला आवडायचं नाही ते. दवाखान्याने कोट कमी केलेत, त्यांनी स्वतःचं यंत्र आणलंय म्हणे. यंत्राच्या कॉलरी बघितल्या, कुत्र्याच्या कानासारख्या. त्यांना सांगितलं नाही. मला काय पडलंय!

काय झालं माहितीये, मी आता रोज सीडी लावत नाही. रविवारी दुपारीच. रोज लावली तर पाठ होईल आणि तू कधी श्वास घेणार ते मला आधीच कळायला लागेल. ते नको वाटतं. तू समोर असताना कळायचं नाही, आणि म्हणून मजा यायची.

मालकांना वर्षअखेरचं मी अजून बोललेले नाही. ती खोली पुन्हा जाऊन बघितली. खिडकी भिंतीवर उघडते. पलंग टाकला की चालायला जागा राहत नाही, पण एकटीला चालायचं कुठे असतं? घरमालकीण म्हणाली, "तुम्ही एकट्याच ना?" मी हो म्हटलं. सोपं उत्तर आहे, पण तोंडातून लवकर निघेना.

मला तुझ्याशिवाय करमत नाही, ताई. लिहिलं एकदाचं. टेबलाचं, जागेचं, वायरीचं सगळं खरं आहे, पण त्या सगळ्याच्या मागे हे आहे. आता हवं तर फाड.

तुझी,
धाकटी


२२ डिसेंबर

ताई,

तू फोन बंद केल्यावर मी तशीच कागद घेऊन बसलेय. तू म्हणालीस त्याला उत्तर दिल्याशिवाय मला चहासुद्धा जायचा नाही.

आधी मला वाटलं भाच्याचाच फोन. मी हॅलो म्हटलं. मग तो तुझा खाकरा ऐकला, घसा साफ करायचा, गाण्याआधीचा. मी म्हटलं, ताई? आणि तू काय म्हणालीस? इतक्या वर्षांनी? "लाव."

एवढंच. लाव!

मी फोन बाकड्यावर ठेवला, दोन्ही टेबलांच्या मधोमध, आणि सिस्टीमचा आवाज मोठा केला. गडबडीत तबकडी पुन्हा उलटी घातली, पुन्हा काढली. पहिलं गाणं सुरू झालं आणि मी भिंतीशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, माझा श्वाससुद्धा मध्ये नको. दुसरं झालं. रिमोट नाही, त्यामुळे मला पुढे नेता येईना आणि तू कंटाळून फोन ठेवलास की काय तेही कळेना. बाकड्यावर फोन नुसता पडलेला. तिसरं लागलं, घडीचं. तू विचारलंस, मी सांगितलं. तू विचारलंस, मी सांगितलं. सगळं संपेपर्यंत मी हलले नाही. मग जाऊन फोन उचलला, कानाला लावायची हिंमत होईना. लावला.

तू होतीस. रडत होतीस का? मला तसं वाटलं, पण तू नाक ओढलंस आणि म्हणालीस, "तिसऱ्या गाण्यात तू आधीच घुसतेस. मला प्रश्न पुरा करू देत नाहीस." आणि ठेवून दिलास.

तर ऐक. मी घुसत नाही. तू लांबवतेस. "लावलं"वर तू इतकी रेंगाळतेस की माणसाची इस्त्री गार व्हावी. आई कधी तसं म्हणायची नाही. फोनवर सगळं एकातच कालवलं जातं, त्यावरून न्याय करायचा नाही. कोण घुसतं आणि कोण लांबवतं ते इथे उभं राहून ठरवायचं. तू तिरकी उभी राहा, मला चालेल. मी मोठ्याने म्हणेन.

मध्येच कागद ठेवून शिंप्याला जाऊन सांगून आले, टेबल मिळायचं नाही. मालकांना उद्या सांगते, जागा ठेवतेय.

तुझ्या टेबलावर सध्या स्पीकर आहे. तू आलीस की खाली काढून ठेवीन.

तुझी,
धाकटी